वरमाईचा मान

"झांबरेभाऊ, तुम्ही जरा या खुर्चीवर येऊन बसता का?"

भंगाळे मॅडमनी हे विचारलं तेव्हा आमच्या सावद्याच्या घरात लग्नाची बोलणी अगदी गोडीत आली होती. मार्गशीर्षातली तारीख ठरल्यातच जमा होती आणि पोह्यांच्या बश्या रिकाम्या झाल्या होत्या. मॅडम म्हणजे माझ्या हर्षलाची होणारी सासू. यावलच्या शाळेत त्यांनी हयातभर गणित शिकवलेलं, त्यामुळे सगळा तालुका त्यांना मॅडमच म्हणायचा. त्यांचे यजमानसुद्धा.

मी भिंतीला डावा खांदा लावून बसलो होतो. त्यांनी दाखवलेली खुर्ची खिडकीपाशी, उजेडात होती. मी म्हटलं, इथेच बरं आहे, इथे पंख्याचा वारा लागतो.

"पंखा बंद आहे," मॅडम म्हणाल्या. "लाइट जाऊन अर्धा तास झाला."

माझी बायको सिंधू मला डोळ्यांनी उठ उठ म्हणत होती. मी उठलो नाही. विषय बदलावा म्हणून मानपानावर आलो. म्हटलं, मॅडम, वरमाईचा मान काय करायचा ते मोकळेपणाने सांगा. पैठणी म्हणाल तर पैठणी, उगाच मागून रुसवेफुगवे नकोत.

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला.

"मला मान नको," त्या म्हणाल्या. "मला तुमची मान बघायची आहे. डावीकडची. कानाखाली जे आहे ते."

माझा हात आपोआप तिकडे गेला, आणि मग नाही म्हणायला काही उरलं नाही. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर मला एक गाठ होती. पहिल्यांदा लागली तेव्हा हरभऱ्याएवढी होती. दुखत नव्हती, खुपत नव्हती, म्हणून मी तिला चरबीची गाठ असं नाव देऊन टाकलं. मग ती आवळ्याएवढी झाली आणि गेल्या काही महिन्यांत लिंबाएवढी. मी कल्ले वाढवले. भर भाद्रपदात मफलर गुंडाळायला लागलो. दुकानातली गिऱ्हाइकं विचारायची, तेव्हा घसा धरलाय म्हणायचो. जळालेल्या पाणबुडी मोटरींची तार नव्याने भरून देण्याचं माझं दुकान होतं. शेतकऱ्याला मोटरीची घाई असते, कारागिराच्या घशात त्याला रस नसतो.

मी मॅडमना सांगितलं की साधी चरबीची गाठ आहे, लग्न उरकलं की दाखवतो.

"मग लग्नही तेव्हाच उरकू," त्या म्हणाल्या. "आधी दाखवा. तोवर तारीख नाही."

आणि पर्स घेऊन उठल्या. त्यांच्या यजमानांनी नुकताच पेढा तोंडात घातला होता. तो त्यांनी आमच्या अंगणातून चालता चालता संपवला.

आमचा समाज लहान, आणि बातमीला पाय फार. संध्याकाळपर्यंत फैजपुरात कळलं की झांबऱ्यांचं स्थळ मोडलं. दुसऱ्या दिवशी कारणंही तयार झाली. मुलीच्या बापाला टीबी आहे. घराण्यातच काहीतरी आहे. मुलीचं दुसरीकडे कुठे आहे. सिंधू जेवेना. मी दुकानात हातोडी आपटत बसलो. या बाईला माझी मुलगी करायची आहे की माझी मान, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होतो, आणि येणारा-जाणारा माझ्या मफलरकडे बघत होता.

हर्षला दिवसभर आतल्या खोलीत होती. रात्रीच्या जेवणाला बाहेर आली तेव्हा तिचं तोंड कोरडं होतं. मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल. ती एवढंच म्हणाली की अप्पा, तुम्ही मोठ्या डॉक्टरकडे जा आणि काही नाही असं सर्टिफिकेट घेऊन या. ते मॅडमच्या टेबलावर ठेवा. मग बघू त्या काय बोलतात.

मला माझ्या लेकीचा फार अभिमान वाटला. झांबऱ्यांचं रक्त, दुसरं काय. सर्टिफिकेट घेऊन यावलला जायचं, टेबलावर ठेवायचं आणि चहासुद्धा न घेता परत यायचं, असा सगळा बेत मी झोपताना मनात आखला. त्या रागाच्या भरात मी जळगावला गेलो. दुसऱ्या कशानेही गेलो नसतो.

जळगावच्या डॉक्टरांनी गाठ दाबून बघितली आणि मला डोळे घट्ट मिटायला सांगितले. मग दात दाखवायला. मग गाल फुगवायला, मग शीळ घालायला. मी म्हटलं, साहेब, मी सर्टिफिकेटला आलोय आणि तुम्ही मला वेडावून दाखवायला लावताय. ते हसले नाहीत. त्यांनी बारीक सुई घालून गाठीतलं थोडंसं काढलं आणि तपासायला पाठवलं.

चारेक दिवसांनी त्यांनी सांगितलं की हा लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे.

माणसाला अशा वेळी काय वाटतं ते मी पुष्कळ ऐकलं होतं. मला आधी वाटलं ते असं, की आता ही बाई बरोबर ठरणार. मग मी डॉक्टरांना म्हटलं, मी जन्मात तंबाखू सोडा, सुपारीचं खांडसुद्धा खाल्लं नाही. ते म्हणाले, हा कॅन्सर तंबाखू विचारत नाही. भीती वाटायला मला सावद्याला पोहोचेपर्यंत वेळ लागला. घरी न जाता मी दुकानात गेलो, समोरच्या जळक्या मोटरीची तार सोडवायला घेतली, आणि बराच वेळ झाला तरी तारेचं टोक मला सापडेना. मग सिंधू आली आणि तिने दुकानाचं शटर खाली ओढलं.

जळगावकरांनी आम्हाला नाशिकच्या एका सर्जनकडे पाठवलं. डॉक्टर केळुसकर. वयाने माझ्या पुतण्याएवढे, बोलणं हळू. त्यांना कागदावर चित्र काढून दाखवायची सवय नव्हती. ते सरळ माणसाच्या अंगावर पेनाने काढायचे. त्यांनी माझ्या कानासमोरून एक रेघ खाली आणली आणि सांगितलं की ही ग्रंथी काढायची. हिच्या मधून चेहऱ्याची नस जाते. एका खोडाला फांद्या फुटाव्यात तशी ती पुढे फुटते. एक फांदी पापणीला, एक नाकपुडीला, एक ओठाला. गाठ खालच्या फांदीजवळ आहे, फांदी वाचवायचा ते पूर्ण प्रयत्न करणार होते.

इथपर्यंत मला पटलं. मोटरीत हेच असतं, जळकं काढायचं आणि बाकीच्या तारा जपायच्या.

मग त्यांनी तीच रेघ कानामागून वळवून खाली मानेवर आणली, जवळजवळ गळ्यापर्यंत. मी विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, तुमची गाठ जहाल प्रकारची आहे. लाळेच्या ग्रंथीतून जो पाझर निघतो तो मानेतल्या बारीक बारीक ग्रंथींमधून गाळून पुढे जातो. कॅन्सर निघाला की पहिला मुक्काम तिथे करतो. तुमच्या मानेत हाताला काही लागत नाही, स्कॅनमध्येही दिसत नाही. पण या प्रकारात वरून साफ दिसणाऱ्या मानेतही पुष्कळदा तो लपलेला निघतो, आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. म्हणून त्या बाजूच्या ग्रंथी त्याच वेळी काढून घ्याव्यात असं माझं मत आहे. मागे राहिल्या आणि नंतर वर आल्या, तर ऑपरेशन मोठं होतं आणि भरवसा कमी.

मी म्हटलं, गालाचं करा. मानेला हात लावू नका.

त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं की मला मोटरी उचलाव्या लागतात, खांदा आखडला तर धंदा बसेल. हे खोटं नव्हतं, त्यांनीही खांदा काही दिवस आखडेल असं म्हटलं होतंच. पण खरं कारण वेगळं होतं. गालावरची गाठ मला आरशात दिसत होती. मान आरशात चांगली दिसत होती. चांगलं दिसतंय ते कापून घ्यायला माझं मन धजेना. डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती नाही, उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम आल्या. यावलहून भुसावळ, भुसावळहून गाडीने नाशिक, हातात चार पुडांचा डबा. सिंधू त्यांच्याशी बोलत नव्हती, पण डबा तिने घेतला. त्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं, आणि नाशिकात आल्यापासून आम्ही दोघं सपक वरणभातावर होतो. मॅडम स्टुलावर बसल्या. केळीच्या भावाबद्दल बोलल्या, गाडीतल्या गर्दीबद्दल बोलल्या. माझी दुसरी भाकरी संपल्यावर म्हणाल्या, मानेचं तुम्ही नाही म्हणताय असं कानावर आलं. मी विचारलं, कुणी सांगितलं? त्या म्हणाल्या, शिक्षक कधी चुगली करणाऱ्याचं नाव सांगतात का?

मी म्हटलं, मानेत काही नाहीच. डॉक्टर स्वतः म्हणतात की दिसत नाही.

मॅडमनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, आकडेमोड चुकलेल्या मुलाकडे बघतात तसं.

"आपली सोयरीक नव्हती तेव्हाची गोष्ट," त्या म्हणाल्या. "आमच्या मळ्यातली मोटर जळाली होती. बोअरमधून वर काढायला तुम्हीच आला होतात. मोटर भरून दिलीत आणि वर सगळी केबल बदलायला लावलीत. केबल चांगली दिसत होती. आमचे हे म्हणालेसुद्धा, चांगली आहे की. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

मी काय म्हणालो ते मला आठवायची गरज नव्हती. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच म्हणतो. एकदा वर काढलंय तर सगळं बघून घ्या, महिन्याभरात परत काढायला लागलं तर रडाल.

"ती केबल माझी नव्हती," मी म्हटलं.

"तेच म्हणते मी. दुसऱ्याची केबल बदलायला तुम्ही फार शूर आहात."

सिंधू हसली. कित्येक दिवसांनी हसली, आणि हसता हसताच तोंडाला पदर लावून बाहेर व्हरांड्यात गेली. थोड्या वेळाने ती परत आली. मग मी सिंधूला सांगितलं की डॉक्टरांना सांगून ये, मानेचंही करा म्हणावं.

मॅडम डबा आवरत होत्या. मी विचारलं, मग आता तारखेचं काय?

"पेपर चालू असताना निकाल विचारत नाहीत," त्या म्हणाल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तेव्हा केळुसकर माझ्यावर वाकले होते. डोळे मिटा म्हणाले. मिटले, डावा जरा उशिरा आणि अर्धवट. दात दाखवा म्हणाले. दाखवले, पण खालच्या ओठाची डावी बाजू जागची हलली नाही. त्यांनी सांगितलं की नस शाबूत आहे, फक्त दुखावली आहे, काही महिने लागतील. मानेतून एक नळी निघून बाटलीत गेली होती आणि ती बाटली माझ्या सदऱ्याला अडकवलेली होती. कानाची पाळी बधिर झाली होती. सिंधूने चिमटा घेऊन बघितला, मला कळलं नाही. तिने अजून जोरात घेतला. लग्नापासूनची इच्छा होती म्हणाली.

तपासणीचा निकाल आठवड्याने आला. केळुसकर आले आणि खुर्चीवर न बसता माझ्या पलंगावर बसले, तेव्हाच मी ओळखलं. गालाची गाठ पूर्ण निघाली होती, कडा स्वच्छ होत्या. मानेतून काढलेल्या ग्रंथींपैकी दोन ग्रंथींत कॅन्सर सापडला होता. मोहरीएवढा. हाताला लागला नसता, स्कॅनला दिसला नसता.

"त्या तशाच ठेवल्या असत्या तर?" मी विचारलं.

"वाढल्या असत्या," ते म्हणाले. "तुम्हाला कळेपर्यंत किती उशीर झाला असता, ते मी सांगू शकत नाही."

त्या दिवशी मी कुणाची चेष्टा केली नाही. हर्षला तेव्हा नाशिकला आली होती. तिला म्हटलं, यावलला फोन कर आणि मॅडमना सांग की मानेत निघालं. ती फोन घेऊन बाहेर गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मला वाटलं, मॅडम तारखेवरून काही बोलल्या असतील.

पुढे विजेच्या शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे दिवस आले. नाशिकात खोली घेऊन राहिलो. तोंड असं कोरडं पडायचं की भाकरीचा घास वाळूसारखा फिरत राहायचा. थुंकी ही वस्तू माणूस आयुष्यभर फुकट रस्त्यावर उडवतो, तिची किंमत मला तेव्हा कळली. चव गेली, मिशीचा डावा कोपरा गेला. यावलहून कुणी ना कुणी यायचं, त्याच्याबरोबर ताकाची बरणी यायची. त्यातल्या एका बरणीबरोबर निरोप आला की वैशाखातली तारीख धरली आहे, व्याह्यांनी तोवर चेहरा नीट करून ठेवावा.

चेहरा पूर्ण नीट झाला नाही. वैशाखात आमच्याकडे डांबर पायाला चिकटतं, मंडपात चार कूलर लावले होते आणि मी नव्या कोटात घामाघूम होतो. ओठ परत हलायला लागला होता, पण हसलो की तोंड एकाच बाजूला जायचं. फोटोवाला मला सारखा हसा म्हणत होता. मॅडम त्याला म्हणाल्या, राहू दे, ते अर्धंच हसतात, राहिलेलं अर्धं नातवंडासाठी ठेवलंय.

मानपानाच्या वेळी मी त्यांना पैठणी दिली. त्यांनी ती शेजारच्या बाईकडे दिली आणि हळूच म्हणाल्या की मान मिळाला, आता मान दाखवा. मी तिथेच, भर मंडपात, वाकून डावी बाजू पुढे केली. त्यांनी चष्मा सारखा करून कानापासून गळ्यापर्यंतचा व्रण बघितला. लोकांना वाटलं मी विहिणीच्या पाया पडतोय. आमच्यातले एक जुने गृहस्थ नंतर कितीतरी दिवस सांगत होते की व्याही असावा तर झांबऱ्यासारखा नम्र.

पंगती उठल्यावर मॅडम आणि मी एका कूलरसमोर दोन खुर्च्या ओढून बसलो. दोघांनाही बोलायचं त्राण नव्हतं. तरी मला राहवेना. मी विचारलं, खरं सांगा, मी डॉक्टरकडे गेलोच नसतो तर तुम्ही मोडलं असतं?

"छे. सून पसंत होती मला," त्या म्हणाल्या. "नोंदणी करून घेऊन आले असते. तुम्हाला फक्त बोलावलं नसतं."

मी अर्धा हसलो. म्हटलं, पण तुमची नजर भारी. लाइट गेलेले, मी भिंतीला चिकटून बसलेला, गळ्यात मफलर, आणि तुम्ही नेमकं हेरलंत.

मॅडम पदराने चष्मा पुसत राहिल्या. पलीकडे भांडी घासणाऱ्या बायकांचा आवाज येत होता.

"मला कुठलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "हर्षलानं सांगितलं मला."

बैठकीच्या आधी एका दुपारी ती एकटीच यावलला गेली होती. निनादला, म्हणजे नवऱ्या मुलालाही माहीत नव्हतं. मॅडमच्या समोर बसली आणि म्हणाली की माझ्या वडिलांच्या मानेत गाठ आहे, वाढतेय. वर्षभर मी त्यांना सांगतेय. ते म्हणतात, तुझं लग्न होऊ दे. लग्न समोर आहे तोवर ते जाणार नाहीत. म्हणून तुम्ही लग्न अडवा. ते माझं ऐकत नाहीत, पण तुम्हाला घाबरतील.

मॅडमनी तिला खूप समजावलं होतं. लोक तुझं नाव घेतील म्हणाल्या. तुझे वडील हट्टाला पेटले आणि त्यांनी खरंच दुसरं स्थळ बघायला सुरुवात केली, तर माझ्याही हातात काही राहणार नाही म्हणाल्या.

"तेव्हा काय म्हणाली माहीत आहे?" मॅडम कूलरकडे बघत म्हणाल्या. "म्हणाली, मग माझं लग्न मोडेल. अप्पा तर राहतील."

मी बोलायला गेलो असतो तर नीट उमटलं नसतं, आणि त्याला ओठ कारण नव्हता.

त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. तुम्हाला कळू देणार नाही असं मी पोरीला कबूल केलं होतं, तो शब्द मी आज मोडला. तुम्ही तरी माहीत नाही असंच राहा, म्हणाल्या.

पाठवणीच्या वेळी हर्षला पाया पडायला वाकली. माझा डावा डोळा त्या काळात नीट मिटत नसे, त्यातून आपोआप पाणी यायचं, सगळ्यांना त्याची सवय झाली होती. त्या दिवशी उजव्यातूनही आलं. ती म्हणाली, अप्पा, रुमाल घ्या. मी रुमाल घेतला.

आता नात आठवीत आहे. गणितात आजीवर गेली आहे, जिभेनेही. मॅडमना हल्ली गुडघ्यांनी धरून ठेवलंय, पण दिवाळीला ताक न पाठवता त्या राहत नाहीत. केळुसकरांकडे मी वर्षातून एकदा जातो. घरच्या घरी मान कशी तपासायची ते त्यांनी नाशिकातच हर्षलाला शिकवलं होतं. ती माहेरी आली की पिशवी खाली ठेवते, हात धुते आणि माझ्या मागे येऊन उभी राहते. तिची बोटं कानाखालून सुरू होतात आणि व्रणाच्या कडेने, एकेक बोटभर सरकत, गळ्याच्या हाडापर्यंत जातात. मला माहीत आहे हे तिला अजून माहीत नाही.

मी विचारतो, झालं का गं?

ती म्हणते, थांबा.

मी थांबतो.